कोट्रेशप्पाच्या गाडीचा तुकडा

आमच्या दावणगेऱ्यात कोट्रेशप्पाची पांढरी गाडी माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही. लग्नाचं वऱ्हाड असो की अडलेली बाई, बोलावणं त्यालाच. उभ्या आयुष्यात त्याने कुत्र्यालाही धक्का लावला नव्हता, आणि हे तो माझ्या मंडक्की-मिरचीच्या, म्हणजे चुरमुरे-भज्यांच्या गाड्यावर उभा राहून रोज सांगायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. श्रावणात चित्रदुर्गाच्या रस्त्यावर उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने त्याला गाडीसकट चेंगरलं.

ही गोष्ट मात्र त्याच्या बायकोची, होन्नक्काची. कमी बोलणारी, हट्टी बाई. विमा कंपनीने गाडी पार निकामी ठरवली, भरपाई दिली आणि सांगाडा तिच्याच गळ्यात टाकला. तो भंगारवाल्या परमेशने घेतला. घेताना म्हणाला, "अक्का, गाडीचं आरसी पुस्तकही देऊन टाक, कोऱ्या कागदावर एक सही कर. पुढची कटकट माझी."

"आणि पुस्तकाचं तू काय करणार?"

"काय करणार! ठेवीन."

"लोणचं घालणार आहेस का त्याचं? नाही देत."

विम्याच्या माणसाने सांगितलं होतं, सांगाडा विकण्याआधी चेसिसवर नंबर कोरलेला असतो तेवढा तुकडा कापून घ्या, नोंदणी रद्द करायची आहे. गॅसकटरने तळहाताएवढा तुकडा निघाला. विमेवाल्याने त्यावर कागद ठेवला, पेन्सिल घासून नंबराचा छाप उठवला आणि म्हणाला, "झालं अक्का, माझं काम झालं." होन्नक्काला वाटलं, आपलंही झालं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग दसऱ्याची आयुधपूजा आली. दरवर्षी कोट्रेशप्पा गाडी धुऊन, झेंडू बांधून तिच्यापुढे कोहळा फोडायचा. या वर्षी होन्नक्काने तो तुकडा पाटावर ठेवला, विभूती लावली, कोहळा फोडला आणि संध्याकाळी स्मशानात जाऊन नवऱ्याला जिथे पुरलं होतं तिथे, त्याच्या पायांशी, हातभर खोल पुरला. त्याची गाडी त्याच्यापाशी राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं. आम्ही सगळे हळहळलो. एकालाही शहाणपण सुचलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास दंडाची नोटीस आली. बळ्ळारीच्या चौकात कोट्रेशप्पाने सिग्नल तोडला म्हणे! मेलेल्या माणसाने! खाली फोटो होता. गाडी पांढरीच, नंबर त्याचाच, आत कुणी भलताच. सांगाड्यावरच्या नंबरपाट्या काढून घ्यायचं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं; त्या आता दुसऱ्याच गाडीवर फिरत होत्या. परमेशच्या दुकानाला कुलूप होतं. पोलिसांत अर्ज दिला. ते म्हणाले, आधी नोंदणी रद्द करून आणा.

होन्नक्का माझ्या गाड्यापाशी येऊन उभी राहिली. "अण्णा, उद्या त्याने कुणाचं पोर चिरडलं तर नाव यांचं लागेल. सगळा जन्म जपलं हो त्यांनी नाव."

आरटीओतल्या कारकुनाने पेन्सिलचा छाप बोटाने मागे सारला. "हे चालत नाही. तुकडा आणा."

"तो पुरलाय," होन्नक्का म्हणाली.

"मग उकरा."

"अरे, कुठे पुरलाय ते तरी विचारशील की नाही!" मी ओरडलो. त्याने विचारलं नाही.

उकरायचं म्हणून मठातल्या अय्यांना, आमच्या स्वामींना विचारायला गेलो, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "होन्नक्का, लिंगैक्य झालेल्याची माती पुन्हा हलवत नाहीत. आत शांत बसलाय तो."

"बसलेत म्हणूनच तर, अय्या," ती म्हणाली. "आपल्या लिंगायत माणसाला पुरताना आडवं निजवत नाहीत, बसवतात. बसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. बळ्ळारीला काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नसेल?"

अय्या काही आले नाहीत. सकाळी आम्ही दोघंच गेलो. मी कुदळ नेली होती, पण तिने मला हात लावू दिला नाही. खुरप्याने, मग नखांनी तिने माती काढली. काढताना पुटपुटत होती, "घेऊन जाते अहो, दाखवून लगेच परत आणते." मला तिथे उभं राहवेना. शेवटी लोखंड तिच्या हाताला लागलं.

कारकुनाने नंबर ताडून पाहिला, शिक्का मारला, कागद दिला. तुकडा कोपऱ्यातल्या पोत्यात भिरकावला. तिथे तसल्याच तुकड्यांचा ढीग होता.

"तो द्या ना परत," होन्नक्का म्हणाली.

"तो सरकारजमा झाला बाई. मिळत नाही."

"साहेब, मी सांगून आलेय. परत आणते म्हणून."

"कुणाला?"

मी तोंड उघडलं तर मलाच दंडाला धरून बाहेर काढलं. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि करता काही आलं नाही.

परतताना ती रिक्षातून स्मशानापाशी उतरली. खड्डा तसाच उघडा होता. तिने पदरातून तो शिक्क्याचा कागद काढला, खड्ड्यावर धरला. "होन्नक्का, लागेल तो पोलिसांना!" मी म्हणालो. तिने तो पुन्हा पदरात बांधला आणि रिकामा खड्डा हातांनी बुजवू लागली.

माती थापून झाल्यावर ती समाधीच्या उंचवट्याकडे तोंड करून बसली.

"गाडी गेली हो," ती म्हणाली. "आता उतरा तुम्ही."