पन्नासपैकी सत्तेचाळीस

शिकवण्याची हौस म्हणून घरातली थोरली सून शिक्षिकेचा कोर्स करतेय, असं कुणी म्हटलं असतं तर ती हसलीच असती. सासरच्यांनी टुमणं लावलं, "बसून काय करतेस, शिक्षिका तरी हो," आणि हिने फॉर्म भरला. दोन वर्षं पाठांची टाचणं लिहून लिहून बोटं आखडली, घरचं आहेच वर. जीव नुसता मेटाकुटीला आला होता. आता दिराने हिच्यासाठी त्याच्या ऑफिसात कारकुनाची जागा बघून ठेवली होती.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. साहेब थांबणार नाहीत."

आणि नेमका त्याच दिवशी शेवटचा सराव पाठ! तपासायला कॉलेजच्या मॅडम येणार. मग सगळ्याजणी करतात तेच हिनेही केलं. आदल्या दिवशीच वर्गाकडून अपूर्णांकांचा अख्खा पाठ घोकून घेतला. कोणता प्रश्न, कुणी हात वर करायचा, सगळं ठरलेलं. शिकवणं कसलं डोंबलाचं, तालीमच ती!

पोरं धडाधड उत्तरं देत होती. मागच्या बाकावर मॅडम खूश होऊन लिहीत होत्या. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिच्या वाट्याला एकही प्रश्न आला नव्हता.

"बाई, चारापेक्षा आठ मोठा ना? मग एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश लहान कसा काय?"

थोरलीने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उरली होती आणि टाचणातला गृहपाठ अजून द्यायचा होता.

"बस खाली. ते आज नाहीये आपल्याला."

मुलगी बसली. पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण पडले. मैत्रिणी पार्टी मागायला लागल्या. थोरलीला मात्र कुठेतरी पाय पसरून बसावंसं वाटत होतं.

शाळा सुटताना तिने त्या मुलीला थांबवलं आणि घड्या घालून दाखवायला एक कागद काढला.

"ये, सांगते तुला."

"राहू दे, बाई," मुलगी समजूत घातल्यासारखं म्हणाली. "मी पाठ करून टाकलं. खाली मोठा आकडा, म्हणजे लहान." आणि दप्तर उचलून गेलीसुद्धा.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याही वर्गावर येते, असं तिने मुख्याध्यापिकेला सांगितलं आणि फाटकापाशी येऊन दिराला फोन लावला.

"भावजी, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"अहो वहिनी, एवढी आवड कधीपासून लागली शिकवायची?"

"आवडबिवड काही नाही हो. एका पोरीला मी आज गप्प बसायला शिकवलंय. ते मलाच निस्तरायला हवं."