राबावरचा तंबू

निसर्गावर प्रेम करणाऱ्या माणसाइतका निसर्गाला आणि नातेवाइकांना छळणारा प्राणी दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी माझ्या साडूंमुळे बनवलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, कारण वयाने मोठे आहेत; नाहीतर दुसरं काहीतरी म्हटलं असतं. डोंबिवलीला राहतात, कुठल्याशा कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहेत, आणि आमच्याकडच्या बायका पावसाळ्यासाठी सुकी मासळी साठवतात तशी वर्षभर रजा साठवतात. ती रजा मग दोन हप्त्यांत आमच्या डोक्यावर ओततात, एकदा पावसात आणि एकदा होळीनंतर. बायको, कॉलेजातली मुलगी, तंबू, घडीच्या खुर्च्या, चिमुकली गॅसची शेगडी असं सगळं गाडीत आणि गाडीच्या टपावर बांधून ते खोडाळ्याकडून वर चढतात, मोखाड्याला थांबतात आणि मला फोन करतात, "साडू, आम्ही जंगलात शिरलोय. आता रेंज जाईल." हे मोखाड्याच्या स्टँडवर उभं राहून. मागे जीपवाला "जव्हार, जव्हार" म्हणून ओरडत असतो ते मला स्वच्छ ऐकू येतं.

आता माझा राग काय आहे ते सांगतो. मी जव्हारला सरकारी कचेरीत कारकून आहे, पण जन्म दाभोशाकडच्या एका पाड्यातला. पोरपणी भात राखायला शेतातल्या माळ्यावर झोपलोय, थंडीत कुडकुडत डुकरं हाकलली आहेत, पाठीला कारवीच्या काठ्या टोचून टोचून कूस कशी बदलायची हे शिकलोय. मी पुस्तकं घोकली ती डोक्यावर पक्कं छप्पर यावं म्हणून. ते आलं. कर्ज काढून घर बांधलं, त्यात पाहुण्यांची एक खोली काढली, तिथे पंखा लावला, पलंग टाकला. त्या पलंगावर भाऊ आजतागायत एकदाही झोपलेले नाहीत. "चहा तुमच्याकडे, मुक्काम निसर्गात," असं म्हणतात आणि वर मलाही ओढून नेतात. म्हणजे माझं स्वतःचं घर अर्ध्या तासावर असताना मी, दोन पोरांचा बाप, ओहोळाकाठी तंबूत आडवा, पाठीखाली धोंडा आणि तोंडावर भाऊंचा पाय. सकाळी पाड्यातला एखादा ओळखीचा दिसतो आणि विचारतो, "काय दादा, वैनीनं घरातून काढला काय?" यावर उत्तर काय द्यायचं, सांगा.

भाऊंना शोध लावायची खोड आहे. कुठल्याही दरीच्या तोंडाशी गाडी थांबवतात, कंबरेवर हात ठेवतात आणि गंभीर आवाजात म्हणतात, "इथे माणसाचं पाऊल पडलं नसेल." एकदा पोशेऱ्याच्या पलीकडे एका घळीपाशी असंच म्हणून झालं, आणि त्याच घळीतून डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन एक बाई वर आली. भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ताई, तुम्ही इथे कशा?" ती म्हणाली, "मी रोजच येते. तुमी कसं आलांव?" आणि हंड्यातलं पाणी हिंदकळू न देता वाटेला लागली. भाऊंनी त्या घळीला स्वतःच्या मुलीचं नाव ठेवलेलं आहे. फोनमधल्या नकाशावर टाचणीसुद्धा टोचून ठेवली आहे. मुलगी बिचारी कानात गाण्याची बोंडकं घालून मागच्या सीटवर बसलेली असते, तिला आपल्या नावाची दरी आहे याचं काडीचं कौतुक नाही.

त्यांचा लाडका शब्द 'दुर्गम'. तो ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दुर्गम म्हणजे कुणापासून? आम्ही तर इथेच आहोत. एकदा वावर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते असेच पाघळले, "काय सुंदर जागा आहे, आणि कुणाला माहीतच नाही." मी म्हटलं, "माहीत आहे भाऊ. पोटाला न मिळून पोरं गेली तेव्हा सगळ्यांना माहीत झाली होती. पेपरवाले येऊन गेले, मोठ्या गाड्या येऊन गेल्या." भाऊंनी गाडीत चालू असलेलं गाणं बंद केलं, आणि जव्हार येईपर्यंत ते बंदच राहिलं. हे एक आहे त्या माणसाचं. चुकतो भरपूर, पण बोललेलं वाया जात नाही. म्हणून तर जास्त राग येतो, कारण पूर्ण रागावताही येत नाही.

तंबूबद्दल तर बोलायलाच नको. दोन मिनिटांत उभा राहणारा तंबू म्हणून विकत घेतलाय, आणि तो उभा राहीपर्यंत अक्कांची, म्हणजे माझ्या मेहुणीची, लसूण सोलून होते, भाजी चिरून होते आणि शेवटी नवऱ्याशी बोलणंही बंद होतं. कपाळाला पट्ट्याने बांधायची बॅटरी आहे. ती ते संध्याकाळी बांधतात आणि मग ज्याच्याशी बोलतील त्याला आंधळा करतात. गळ्यात शिट्टी. दाभोशाच्या धबधब्याच्या पायऱ्या सगळं जग उतरतं, भाऊ मात्र शेजारच्या कातळावरून उतरणार आणि मधे अडकून शिट्टी फुंकणार. मग खालच्या टपरीवरचा माणूस भजी तळायची टाकून वर चढणार. तो आता शिट्टी ऐकली की मलाच फोन लावतो आणि म्हणतो, "तुमचा पाहुणा आलाय वाटतं." तंबूबाहेर बकरी खोकली की भाऊ कुजबुजतात, "बिबट्या." बकरीला मी नावानिशी ओळखत असतो.

पण हे सगळं परवडलं. जे झालं ते मी बरोबर नव्हतो त्या खेपेला झालं. होळी होऊन गेली होती आणि कचेरीत मार्चअखेर चालू होती. मार्चअखेरीला कारकुनाला मरायलाही सवड नसते, म्हणून मी सुटलो होतो. तेव्हा धबधब्याला धार उरते ती शेळीच्या दुधाएवढी, पण भाऊंचं म्हणणं गर्दी नसते. रात्री फोन आला की जागा अप्रतिम मिळाली आहे, फक्त मीठ विसरलंय. मी सकाळी उजाडता उजाडता शिव्या घालत मोटारसायकल काढली, मिठाची पिशवी घेतली आणि त्यांनी सांगितलेल्या खुणेवर गेलो. खूण माझ्याच पाड्याची होती.

तिथे भाऊंचा निळा तंबू एका राबावर उभा होता. राब म्हणजे भाताची रोपं जिथे वाढवतात तो जमिनीचा तुकडा. त्यावर शेण, शेणावर डहाळ्यांचा वाळका पाला, त्यावर गवत आणि वरून बारीक माती असे थर रचतात, वारा पडलेला बघून भाजतात, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी पेरतात. त्या रोपांवर अख्ख्या वर्षाचा भात. भाऊंनी काय बघितलं? तर सपाट जागा आणि मऊ गादी. अर्ध्या राबावर ते सहकुटुंब झोपले होते, आणि उरलेल्या अर्ध्याचा पाला उपसून त्यांनी रात्री शेकोटी केली होती.

राब माझ्या चुलतीचा. म्हातारी एकटी राहते, मुलगा आणि सून वसईकडे कामाला असतात. खापरात विस्तव घेऊन ती राब भाजायला आली होती आणि आता बांधावर बसून तंबूकडे बघत होती. भाऊ मला पाहून हसत पुढे आले, कपाळावरची बॅटरी दिवसाढवळ्या चालू. म्हणाले, "साडू, काय झोप लागली म्हणून सांगू. निसर्गानेच अंथरलेलं."

अक्का तंबूतूनच म्हणाल्या, "मी सांगत होते हे कुणीतरी रचलेलं दिसतंय. तर म्हणाले, पानगळ आहे."

"खाली शेण आहे, भाऊ," मी म्हटलं.

"मला वाटलं मातीचा वास येतोय."

काकीने मला विचारलं, "कोन हाय रं ह्यो?" मी म्हटलं, माझा साडू. तिने मान खाली घातली. "तुझा साडू. मंग मी काय बोलू? दोन महिनं डोकीवर पाला वाहलाय मी. आथा झाडाव तोडाया काय नाय उरला. समद्यांचं राब भाजून झालं. माझा भात कशात रुजंल?" भाऊंना बॅटरी बंद करायचंही सुचलं नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. ते बघून म्हातारी ताडकन उठली. "नोटा पेरू काय राबात?" म्हणाली.

मग मी तोंड सोडलं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम. पलंग, पंखा, दुर्गम, शिट्टी, काही ठेवलं नाही. त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही, मेहुणी समोर होती तरी मी थांबलो नाही. भाऊंनी सगळं उभ्याने ऐकलं. शेवटी म्हणाले, "परत रचता येईल का? काय काय लागेल तेवढं सांगा."

त्यांनी ऑफिसात फोन करून रजा वाढवली. बायको-मुलीला माझ्या घरी सोडलं आणि गाडीतली मागची सीट काढून टाकली. त्या गाडीत मग शेण वाहिलं. माझ्या थोरल्या भावाच्या गोठ्यातून, शेजारच्या पाड्यातून, जिथे मिळेल तिथून. पाला कुठून आणणार? ओहोळाकाठचा पडलेला पाला गोणीत भरून डोक्यावर आणायचे, हिशेबाच्या खात्यातला माणूस, मान वाकडी करून. काकी राबाच्या कडेला उभी राहून ओरडायची, "अरं पातल पसर. ढीग नको घालू." भाऊ "हो, हो" म्हणून पुन्हा पसरायचे. मला रागात मदत करायची नव्हती, पण त्यांचं गोणी उचलणं बघवेना म्हणून केली. शेवटी एका सकाळी काकीने विस्तव लावला. अर्धा राब नीट धुमसला. भाऊंचा अर्धा वरवर भरभर जळून विझला, कारण पाला कमी होता आणि शेण ओलं होतं. हे मला कळलं, काकीला कळलं. भाऊ आपले धुराकडे बघत समाधानाने उभे होते.

त्यानंतर दर रविवारी फोन. "आपला राब कसा आहे?" आपला. मी म्हणायचो, पाऊस पडू दे. पेरलेलं आषाढात वर आलं आणि लावणीच्या आधी भाऊ तंबूबिंबू न घेता एकटेच आले. राबाचा एक भाग गर्द हिरवा, दाट. दुसरा पिवळट, विरळ, मधे मधे तांबडी माती दिसणारा. भाऊ बांधावर उभे राहिले आणि त्यांनी काकीला विचारलं, "आजी, यातला मी केलेला कुठला?"

ही बाई उन्हाळाभर माझ्यापाशी या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती. तिने हिरव्या भागाकडे हात केला. म्हणाली, "ह्यो तुझा."

भाऊ खाली बसले. त्या रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवला, मग पिवळ्या भागाकडे बघून हळूच मला म्हणाले, "आजींचा जरा कमी आलाय, नाही? वय झालंय." माझ्या तोंडाशी शब्द आले होते. काकीने माझ्याकडे नुसतं बघितलं. भाऊ गेल्यावर मी तिला म्हटलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, "शेण वाहलान् त्यानं. डोकीवर वाहलान्. काय सांगू त्याला?"

रोपं पुरली नाहीत. माझ्या भावाने जमतील तेवढी दिली, तरी तिचं खालचं खाचर त्या वर्षी मोकळंच राहिलं. तिने त्यात काही लावलं नाही आणि त्याबद्दल ती कुणाशी बोललीही नाही. भाऊंचा फोन मात्र यायचाच. पाड्यावर आलेलो असलो की बांधावर उभा राहून घ्यायचो, कारण तिथे रेंज येते. समोर खालच्या खाचरात नुसतं पाणी साठलेलं, त्यात बगळे उतरलेले. भाऊ तिकडून विचारायचे, "साडू, आपलं भात कसं आहे?" आणि मी, ज्याने आयुष्यात त्यांचं एक वाक्य धड ऐकून घेतलं नाही, तो पाण्याकडे बघत सांगायचो, "चांगलं आहे भाऊ. तुमचं फार चांगलं आलंय."