खाटेखालचा सुरण

परवा गगनबावड्याच्या घाटात गाडी थांबली आणि रानातून सडक्या मांसासारखा भपकारा आला. "ताई, काच वर घ्या, कायतरी मेलंय बघा," ड्रायव्हर म्हणाला. मी काच उघडीच ठेवली. तो वास मला ओळखीचा होता.

काही वर्षांपूर्वी वडील माघात गेले. त्यांची खाट आई कुणाला हलवू देत नव्हती; केर काढतानाही ती वळसा घालून जायची. उन्हाळा सरता सरता गडमुडशिंगीच्या आमच्या घरात असाच वास सुटला. घूस मेली असणार म्हणून मी माळा शोधला, कणगीमागं शोधलं. वास खाटेखालून येत होता. नाकाला ओढणी बांधून, हातात चिमटा घेऊन मी वाकले, बॅटरी मारली आणि किंचाळलेच. पोत्यातून गर्द जांभळं, ओलसर, परातीएवढं काहीतरी वर आलं होतं आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. वडिलांनी बेण्यासाठी ठेवलेला सुरण फुलला होता. माती नाही, पाणी नाही, उजेडही नाही!

"उकिरड्यावर टाक ते!" मी ओरडले.

आई गुडघ्यांवर बसून बघत राहिली. "मेल्यालं न्हाय गं, जित्तं हाय की!" मग तिनं दोन्ही हातांनी खाट सरकवली. "त्यांचं लावायचं ऱ्हायलंय. खुरपं आण."

तेव्हा मी डोळे फाडून त्या फुलाकडंच बघत होते. आईनं खाट हलवली होती, हे मला परवा घाटात कळलं.