मोरीच्या तोंडाशी पुरलेलं मडकं

पाणी कार्पेटवर आलं तेव्हा अंजली गुडघ्यांवर बसून मॉडेलच्या विटा उचकटत होती. मी आधी पंप बंद केला, मग मॉप आणला.

मी हॅमिल्टनच्या एका छोट्या म्युझियममध्ये क्लीनर होते. परदेशात मुलाकडे राहायला आले, घरात बसवेना, म्हणून काम धरलं. अंजली नाशिकची, शिकायला आली आणि इथेच राहिली. प्रदर्शनातली मॉडेल्स बनवायची. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. हे मॉडेल चाललं तर कायम, नाहीतर व्हिसा संपून घरी परत.

मॉडेल म्हणजे हडप्पाच्या काळातल्या शहराची एक गल्ली. चार घरं, प्रत्येकात अंघोळीची मोरी, मोरीतून विटांची नाली, सगळ्या नाल्या रस्त्याच्या मोठ्या गटारात. शाळेच्या मुलांनी मोरीत वाळूचं पाणी ओतायचं आणि ते वाहताना बघायचं. दोन तांबे नीट जायचे. तिसऱ्याला तुंबायचं.

"उतार वाढवते, काकू."

"तीनदा वाढवलास. आता घरं कलंडतील."

तेवढ्यात आमचा बॉस ग्रॅहम आला. कार्पेट बघून म्हणाला, "उद्या दहाला मुलं येतायत. आज चारपर्यंत चाललं नाही तर कोरडंच ठेवू."

अंजली "स्वीट ॲज" म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल'. तो गेल्यावर डोळे पुसायला लागली.

"रडणं नंतर. चित्र दाखव."

मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. चित्र कळतं. प्रत्येक घराची नाली गटाराला मिळण्याआधी एक गोल काढला होता.

"हे काय?"

"मडकी. तळाला भोक नाही, पाणी पुढे जाणार कुठून? शोभेची असतील म्हणून मी गाळली."

"गटारात शोभा?" मला हसू आलं. "अगं, गावी आमच्या मोरीच्या तोंडाशी असंच मडकं पुरलेलं होतं. शितं, राख, माती तळाशी बसते. वरचं पाणी काठावरून पुढे जातं. ते उपसायचं काम माझं."

"पुस्तकात असं काही नव्हतं हो."

"लिहिणाऱ्याने उपसलं नसेल."

मागच्या अंगणात लहान कुंड्या होत्या. चार आणल्या, भोकं बुजवली, नाल्यांच्या तोंडाशी बसवल्या. उतार पहिल्यासारखा केला. अंजलीने तांबे ओतले, मी मोजले. दहाव्यालाही पाणी सरळ गेलं. ग्रॅहमने स्वतः दोन ओतून बघितले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुलांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओतलं. कार्पेट कोरडं राहिलं. पुढच्या महिन्यात अंजली कायम झाली.

मुलं आली त्याच दुपारी कुंड्या वाळूने भरल्या तेव्हा ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं, साफसफाई माझी म्हणून. मी अंजलीला म्हटलं, "पहिल्यांदा तू उपस." तिने बाह्या सारल्या, मी बादली धरली. तिसऱ्या कुंडीत तिचा हात अडकला, तेव्हा स्वतःच म्हणाली, "काकू, तोंड मोठं हवं होतं."

सांडपाण्याचं एवढंच आहे. गाळ कुठे थांबणार ते आधी ठरवावं, आणि तिथे हात जाईल एवढी जागा ठेवावी.