ब्रेकला हात लावायचा की नाही

"टेस्ट करा मॅडम, पन त्यायले सांगू नोका. बीपी पाह्यतो म्हना," माझ्या दवाखान्यात शमीमबी हळूच म्हणाल्या. त्यांचे मिस्टर, युसुफभाई, बाहेर बाकावर बसले होते. आमच्या नेर गावात जीप दुरुस्त करावी ती युसुफभाईंनीच. कापसाला भाव नसलेली ती वर्षं होती. नवी गाडी कोण घेतो? जुन्याच जीप ठाकठीक करून, माणसं कोंबून पळायच्या. पण हल्ली युसुफभाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते.

मग युसुफभाई आत आले आणि त्यांनी बायकोला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. "मॅडम, मी भुलून राह्यलो. काय टेस्ट असंल ते करा. पन शमीमले सांगू नोका. हाय खाईल ते."

मला हसू आवरेना. थोडा रागही आला. एका घरात राहतात, आणि गुपितं सांभाळायला मी? शमीमबींना परत बोलावलं. "मला जे सांगितलंत ते आधी एकमेकांना सांगा. मग टेस्टचं बघू."

युसुफभाई खाली बघत म्हणाले, "परवा एका जीपचे ब्रेक खोलले, आनं एक नट आवळाचाच राह्यला. सवाऱ्या बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या ध्यानात आलं म्हून वाचले."

"मले काहून नाही सांगतलं?" शमीमबींनी डोळ्याला पदर लावला.

मग मी समजावलं. डिमेन्शिया म्हणजे मेंदूचा आजार. त्यात स्मरण आणि समज हळूहळू कमी होते. थायरॉईड किंवा बी-ट्वेल्व्ह बिघडलं तरी माणूस विसरतो, आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून रक्त तपासू. काही प्रश्न इथेच विचारीन. मेंदूच्या स्कॅनसाठी नागपूरला जावं लागेल. "तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?"

"मले बिमारीचं नाव नाही पाह्यजे. ब्रेकले हात लावाचा का नाही, तेवढं सांगा."

"आनं यायले एकटं मशिदीत जाऊ द्याचं का?" शमीमबी म्हणाल्या.

दोघांनी मिळून ठरवलं: रक्त आणि प्रश्न आत्ता, स्कॅनचं मागाहून. रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांनी आला, तो ठीक होता. पण प्रश्नांच्या वेळी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं, तर सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले. बाकीच्या उत्तरांचंही तसंच. मी कागद दोघांसमोर ठेवला.

"ब्रेक बंद?" युसुफभाईंनी विचारलं.

"बंद."

दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना स्वतःच सांगू लागले, "मले भुलाची बिमारी हाय. ऑइल बदलतो, ब्रेकले दुसरीकडं जा." त्यामुळे अख्ख्या बाजाराला कळलं. मशिदीतून एकटे येताना युसुफभाई गल्ली चुकले, की कोणीतरी दुकानदार हात धरून त्यांना घरी आणून सोडायचा.

माणसाला न सांगता टेस्ट करता येते. पुढे कसं जगायचं ते मात्र त्याला सांगितल्याशिवाय ठरवता येत नाही.