ह्यांच्या भुवयांवरचा कापूस

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, तरी लिहिते.

माझी लेक पूजा नागपुरात डिझाइन शिकते. जुना फोटो कॉम्प्युटरवर नवा करायचा, असा प्रकल्प तिनं घेतला. फोटो तिच्या बाबांचा, दिग्रसच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी काढलेला. आमच्याकडे तेवढा एकच. स्कॅन झाल्यावर परत फ्रेममध्ये बसवताना तो ओल्या काचेला चिकटला; सोडवायला गेलो तर फाटला, चेहरा काचेवरच राहिला.

आज घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला. "पाय नं आई, बाबा कसे चकचकीत झाले!"

समोर कुणी परकाच माणूस होता.

"भुवयांवरचं, मिशीवरचं पांढरं कुठं गेलं वं?"

"थे डाग? पुसले सारे. दोन दिवस लागले मले."

"डाग नोहते माय. कापूस होता थो."

कापसातली सरकी काढायचा तो कारखाना बंद पडेपर्यंत ते रोज कामावरून तसेच घरी यायचे. मी दारातच तंतू वेचायची. ते गेले तेव्हा पूजा दोन वर्षांची होती. तिला हे सांगायचं मलाच कधी सुचलं नाही.

आधीचं स्कॅन मागितलं, तर तिनं त्यावरच नवं सेव्ह केलेलं. पोर रडली. म्हणाली, "आधी तुले विचाराले पाह्यजे होतं." मग लॅपटॉपवर चित्र काढायचं पेन हातात घेतलं. "सांग, कुठं कुठं होता?"

मी पडद्यावर बोट ठेवत गेले, ती तिथं एकेक तंतू रेखत गेली. डाव्या भुवईपाशी माझं बोट थांबलं. तिथं कापूस होता का, मला आठवेना.

तुमच्या घरच्या फोटोत असं काय आहे, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे? कुणाला सांगितलंय का?