दोन फुटांवर पाणी

दारव्ह्याहून नेरकडे जाताना उकंडा मेश्रामची संत्र्याची नर्सरी लागायची. तिला फलक नव्हता, तरी कलमं नेणारे लांबून येत. तरुणपणी उकंडा सरकारी रोपवाटिकेत मजूर होता, तिथंच तो डोळे भरायला शिकला. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरायची, संत्र्याच्या चांगल्या झाडाचा डोळा तीत बसवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचा. त्यानं भरलेले डोळे सहसा वाया जात नसत. पुढं स्वतःच्या काळ्या जमिनीत त्यानं संत्र्याची झाडं वाढवली आणि त्यांच्याच डोळ्यांवर नर्सरी उभी केली. बायको कोकिळा मातीच्या पिशव्या भरायची, गिऱ्हाइकाला झाड कसं लावायचं ते सांगायची.

मग वरच्या अंगानं कालवा आला. पहिल्या वर्षी सारं गाव खूश होतं. उन्हाळ्यात उकंडाच्या विहिरीचा तळ दिसायचा, तीच आता काठोकाठ भरली. त्यानं जंबेरीचे नवे वाफे टाकले.

"आता पाण्याचं टेन्शन गेलं," तो कोकिळेला म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यानंतर रोपं पिवळी पडली. खत कमी पडलं असेल म्हणून त्यानं शेणखत टाकलं, तर पानं गळायलाच लागली. एक रोप उपटलं तेव्हा मुळांची साल ओल्या कागदासारखी हातात आली. आत सगळं काळं होतं आणि वास नालीसारखा. मोठ्या झाडांच्या बुंध्यांतून डिंक वाहत होता.

कृषी खात्यातल्या रंजिता मॅडम आल्या. त्यांनी वाफ्याशेजारी खड्डा खणायला लावला. दोन फुटांवर पाणी लागलं आणि बघता बघता खड्ड्यात चढलं.

"कालव्याचं झिरपलेलं पाणी आहे, काका," त्या म्हणाल्या. "खाली चिकण मातीचा थर आहे, त्यातून ते उतरत नाही. जमीन चिबडली, पाणी साचून मुळांना कुजीचा रोग लागला. चर काढून पाणी बाहेर नेलं तरच काही होईल."

चर उताराकडेच काढावा लागणार होता, आणि तिकडं विठ्ठलरावांचं तुरीचं वावर होतं. उकंडा त्यांच्या घरी गेला. विठ्ठलरावांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला.

"तुझं पाणी माह्या वावरात काहून घेऊ, उकंडा? माही तूर बुडन ना."

उकंडा चहा संपवून उठला. तो त्यांच्या जागी असता तर हेच म्हणाला असता. कालव्याच्या ऑफिसात तो चकरा मारून आला. कालव्याला आतून सिमेंटचं अस्तर लावायचं काम मंजूर व्हायचं आहे, एवढंच तिथं दर वेळी सांगत.

हिवाळ्यात दिग्रसकडून फुलचंद राठोड आला. कालवा आल्यावर उकंडाचीच कलमं नेऊन त्यानं बगीचा उभा केला होता. त्यानं पिशवीतून एक वाळलेलं झाड काढून ओट्यावर ठेवलं.

"अख्खा बगीचा बसला, काका. माही जमीन तर मुरमाड हाय. पाणी थांबतच नाई."

उकंडानं नखानं मुळाची साल खरवडली. तीच काळी मुळं, तोच वास.

"माह्या मातीतून गेलं हे," तो म्हणाला. "पिशवीसंग."

फुलचंद भांडला नाही. "आता काय करू, तेवढं सांगा," तो म्हणाला. उकंडा ते मूळ नखानं खरवडत राहिला. शेवटी फुलचंद झाड तिथंच ठेवून निघून गेला.

नर्सरीत अजून हिरवी दिसणारी कलमं होती. एक व्यापारी ती सगळी उचलायला तयार होता.

"वरून तर चांगली दिसून राह्यली. देऊन टाका," कोकिळा म्हणाली. "आपण खायचं काय?"

"अन् नेणाऱ्याइच्या वावरात हेच झालं तं?"

दुसऱ्या दिवशी पदर खोचून कोकिळाही त्याच्यासोबत कलमं उपटायला लागली. ढीग लवकर पेटेना. मुळं ओली होती, नुसता धूर निघत राहिला. मोठी झाडंही त्यानं स्वतः तोडली. तोडताना तो जेवायलाही थांबला नाही.

पुढच्या वर्षी पाणी विठ्ठलरावांच्या वावरातही पोचलं, चर न काढताच. त्यांची तूर जागेवर पिवळी पडली. उकंडाला हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

आता तो लोहाऱ्याला एका गोदामात पोती उचलतो. कोकिळा शेजारच्या वस्तीत धुणीभांडी करते. नर्सरीच्या जागेत लव्हाळा वाढला आहे, गुरंसुद्धा तिथं फसतात म्हणून कोणी सोडत नाही. एका नर्सरीवाल्यानं त्याला डोळे भरायला बोलावलं होतं, पण तो गेला नाही. आपल्या हातानं तिथंही रोग जाईल, अशी भीती त्याच्या मनात बसली आहे. तसं होत नसतं, हे रंजिता मॅडमनी फोनवर समजावूनही ती गेलेली नाही.

जुनी गिऱ्हाइकं कधीमधी विचारतात. परवा पोतं पाठीवर असतानाच त्याला कोणाचा तरी फोन आला. उकंडानं ते खाली ठेवून फोन घेतला.

"कलमं हायेत का?"

"नाई. बंद झाली."

"मंग कवा सुरू होईन?"

"नाई होणार," उकंडा म्हणाला आणि पोतं उचलायला वाकला.